चौकीवरच्या डिझेलवर फ्युएल सेल चालेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या कंपनीकडे पाच किलोवॅटचा पीईएम फ्युएल सेल स्टॅक आहे, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून थेट वीज करणाऱ्या, पॉलिमरच्या पडद्याच्या सेलांची चळत. सिलिंडरमधल्या शुद्ध हायड्रोजनवर तो छान चालतो. तो आता उंचावरच्या लष्करी चौकीसाठी द्यायचा आहे. तिथे हायड्रोजन नेणं परवडत नाही, पण डिझेल आणि विमानाचं इंधन पोचतंच. मग स्टॅकच्या आधी एक रिफॉर्मर (द्रव इंधन मोडून हायड्रोजन काढणारी भट्टी) जोडला की काम होईल का, आणि इतकं सरळ असेल तर जगातल्या सैन्यांनी हे केव्हाच का केलं नाही, असं तुम्ही विचारलंय.

चालेल. पण "रिफॉर्मर जोडला" या दोन शब्दांत तुमच्या प्रकल्पाचं जवळजवळ सगळं काम येऊन बसलंय. मी गेली बावीस वर्षं द्रव इंधनातून हायड्रोजन काढायच्या कामात आहे. आधी रिफायनरीच्या हायड्रोजन युनिटवर होते, नंतर टेबलावर मावतील अशा रिफॉर्मरवर. माझ्या अनुभवात फ्युएल सेलमुळे अडलेले प्रकल्प थोडे, आणि त्याच्या आधीच्या भट्टीत अडकलेले पुष्कळ. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: एक छोटी रिफायनरी, जिच्यावर केमिकल इंजिनियर नसेल, जी उणे तीसमध्ये सुरू व्हायला हवी आणि जिला कुठलाही ड्रम चालायला हवा, ती बांधता येईल का?

सैन्याला हे हवं का असतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच, तरी आकडे डोळ्यांसमोर असू द्या. ३५० बार दाबाच्या हायड्रोजनच्या एका लिटरमध्ये जेमतेम ०.८ युनिट ऊर्जा असते, डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण १० युनिट. वर सिलिंडरचं पोलाद वेगळंच. नाटो देशांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रणांगणावर शक्यतो एकच इंधन नेण्याचं धोरण धरलं. विमान, ट्रक, जनरेटर, शेगडी सगळं जेपी-८ सारख्या रॉकेलच्या जातीच्या इंधनावर. त्यामुळे नवं कुठलंही यंत्र आलं की पहिला प्रश्न हाच असतो, की ते आमच्या इंधनावर चालतं का? आणि इंधन वाचवणं म्हणजे तिथे नुसते पैसे वाचवणं नव्हे. अमेरिकी लष्कराच्या अभ्यासात अफगाणिस्तानातल्या २००७ सालच्या इंधन ताफ्यांचा हिशोब आहे: दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मेला किंवा जखमी झाला. चौकीवर रोज दहा लिटर कमी लागले तर वर्षभरात किती फेऱ्या वाचतात, तो हिशोब तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवा.

आता गंधक. सगळं इथूनच सुरू होतं. "डिझेल" हे इंधनाचं नाव झालं, पण रिफॉर्मरला नाव कळत नाही, त्याला फक्त त्या इंधनातला गंधक कळतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे पंपावर मिळणारं बीएस-६ डिझेल दहा पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाच्या आतलं आहे. विमानाच्या इंधनाला मात्र मर्यादा ०.३ टक्के, म्हणजे ३००० पीपीएम. प्रत्यक्षात ते बहुधा याहून बरंच कमी निघतं, पण लष्करी यंत्र बहुधा निघणाऱ्या आकड्यावर बांधता येत नाही, मर्यादेवरच बांधावं लागतं.

हा फरक हातात घेऊन बघा. दिवसाला आठ लिटर विमानाचं इंधन लागलं, म्हणजे साडेसहा किलोच्या आतबाहेर, तर त्यात मर्यादेपर्यंतचा गंधक धरून रोज १९ ग्रॅम गंधक आत येतो. रिफॉर्मरमध्ये त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि तो आपण झिंक ऑक्साइडच्या थरात पकडतो. शंभर ग्रॅम झिंक ऑक्साइड कागदावर ३९ ग्रॅम गंधक घेतं, पण लहान थरात, ओल्या वायूत मी पंधराच्या वर धरत नाही. म्हणजे रोज सव्वाशे ग्रॅमच्या वर पावडर खलास, महिन्याला पावणेचार किलो. तेच बीएस-६ डिझेल असेल तर महिनाभराचा गंधक दोन ग्रॅम आणि त्याला झिंक ऑक्साइड चौदा-पंधरा ग्रॅम, चहाच्या चार चमच्यांचा मामला. यंत्र तेच, स्टॅक तोच, आणि गाळणीच्या आकारात तीनशे पटींचा फरक.

आणि पकडलं म्हणजे सगळं पकडलं असंही नाही. विमानाच्या इंधनाच्या रिफॉर्मेटमध्ये, म्हणजे रिफॉर्मरमधून निघालेल्या वायूत, शे-दोनशे पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. झिंक ऑक्साइड साडेतीनशे-चारशे अंशांवर तो एक पीपीएमच्या आसपास आणतं, पण वायूत वाफ भरपूर असल्यामुळे त्याच्या खाली सहज जात नाही. तुमच्या पीईएमच्या प्लॅटिनमला तेवढाही पुरेसा त्रासदायक आहे. रिफायनरीत आम्ही हा प्रश्न आधीच संपवतो: साडेतीनशे अंश, तीसहून जास्त बार दाब आणि हायड्रोजन, की डायबेन्झोथायोफिनसारखे चिवट रेणूही फुटतात. चौकीवर अशी तीस बारची हायड्रोट्रीटर नेणं मला तरी सुचवता येणार नाही. गार इंधनातूनच गंधक शोषणारी कार्ट्रिज हा दुसरा मार्ग. ती चालतात, पण नेमके ते चिवट रेणूच सगळ्यात शेवटी धरतात आणि भरलं की सगळ्यात आधी सोडतात.

दुसरा शत्रू कोक, म्हणजे इंधन शिजून साचणारा कार्बन. याबद्दल पुस्तकात वाचून भीती वाटत नाही, मलाही वाटली नव्हती. आमच्या पहिल्या मोठ्या चाचणीत ऑटोथर्मल रिफॉर्मर होता, म्हणजे थोडी हवा, थोडी वाफ आणि इंधन एकत्र सोडून साडेआठशे अंशांवर मोडायचं. शंभर तास सगळं सरळ रेषेत. मग कॅटॅलिस्टच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या मण्यांच्या) थरावरचा दाबाचा फरक थोडा थोडा चढायला लागला. १४० तासांना आम्ही बंद केलं, रात्रभर नायट्रोजनवर गार केलं आणि सकाळी वरची फ्लँज उघडली. मला वाटलं होतं की कॅटॅलिस्ट मेला असेल. वरचा दोन बोटांचा थर एकसंध गठ्ठा झाला होता, पण फक्त एका बाजूला. दुसऱ्या बाजूचे मणी जवळजवळ नव्यासारखे राखाडी होते. तो गठ्ठा स्क्रूड्रायव्हरने फोडला तर आत तव्याच्या काजळीसारखं मऊ काही नव्हतं, दगडी कोळशासारखं चमकणारं, कडक होतं. मग नॉझल काढून भिंगाखाली धरलं. टोकाशी मोहरीएवढा काळा डाग. त्या डागाने फवारा एका अंगाला वाकवला, त्या बाजूच्या भिंतीवर थेंब पडत राहिले आणि तिथून पुढे सगळं बिघडलं.

तो डाग चालू असताना आलाच नव्हता. आधीच्या तीन वेळा आम्ही रिफॉर्मर बंद केला, तेव्हा नॉझलच्या नळीत उरलेलं चमचाभर इंधन खालच्या गरम भट्टीच्या धगीने जागच्या जागी शिजलं होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिगवर बंद करताना पहिल्या पाच सेकंदांत इंधनाची नळी नायट्रोजनने किंवा वाफेने झाडली जाते आणि नॉझलच्या टोकाला स्वतःचं गार करणं असतं. तुम्ही कॅटॅलिस्ट कुठला घ्यावा हे विचारलंय. ऱ्होडियमचा घ्या, निकेलपेक्षा तो गंधक जास्त सोसतो आणि आठशेच्या वर गंधकाचा परिणाम बराचसा परतवताही येतो. पण कॅटॅलिस्टच्या आधी इंधनाची पूर्ण वाफ होऊन ती हवेत नीट मिसळते का, याच्यावर दुप्पट वेळ घालवा. विमानाच्या इंधनात आकारमानाने पाव भागापर्यंत ॲरोमॅटिक्स (बेन्झिनसारखी कडी असलेले रेणू) असू शकतात आणि ते थेंबाच्या रूपात गरम पत्र्यावर पडले की कोक होणारच.

आता तुमच्या स्टॅककडे येते, आणि इथे माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. डिझेलसाठी पीईएम हा चुकीचा जोडीदार आहे. रिफॉर्मरमधून निघालेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड दहा टक्क्यांच्या आसपास असतो. ऐंशी अंशांवरच्या पीईएमला तो दहा-वीस पीपीएमच्या वर नको. म्हणजे आधी चारशे अंशांवरची शिफ्ट (वाफेने मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करणारी पायरी), मग दोनशेवरची शिफ्ट, मग निवडक ऑक्सिडेशन (उरलेला मोनॉक्साइड तेवढा जाळणं), प्रत्येकाचं तापमान वेगळं, प्रत्येकाचं नियंत्रण वेगळं. आणि भार अचानक बदलला की या साखळीत सगळ्यात कमकुवत कडी नेमकी त्याच क्षणी मोनॉक्साइड सोडते. सॉलिड ऑक्साइड सेलला, म्हणजे सिरॅमिकच्या पडद्याच्या एसओएफसीला, मोनॉक्साइड हे विष नाही, इंधनच आहे. तो सात-आठशे अंशांवर चालतो, रिफॉर्मरही तेवढाच गरम, त्यामुळे मधली सगळी साखळी जाते. एकाचा वाया जाणारा वायू दुसऱ्याला वाफ पुरवू शकतो. गंधकाची काळजी एसओएफसीतही घ्यावी लागते, निकेलच्या ॲनोडला (इंधनाच्या बाजूच्या इलेक्ट्रोडला) एक पीपीएमच्या वर धक्का बसतोच, पण झिंक ऑक्साइडच्या हातात तेवढं असतं.

तुमच्याकडे पीईएमच असेल आणि तोच वापरणं भाग असेल, तर निदान १६०-१८० अंशांवर चालणारा फॉस्फोरिक आम्लाच्या पडद्याचा प्रकार बघा. तो एक-दोन टक्के मोनॉक्साइड सोसतो आणि शेवटच्या दोन पायऱ्या वाचतात.

एसओएफसीची किंमतही मोजा. तो गार अवस्थेतून सुरू व्हायला तास लागतात, आणि गरम-गार, गरम-गार केलं की सिरॅमिकला तडे जातात. म्हणून तुमच्या ग्राहकाला विचारायचा पहिला प्रश्न भार किती हा नाही. दिवसातून किती वेळा चालू-बंद होणार, हा आहे. गस्तीच्या गाडीवर रोज सहा वेळा चालू-बंद होणार असेल तर मी एसओएफसी सुचवणार नाही. संपर्काची उपकरणं, कॅमेरे, बॅटरी चार्जिंग असा चोवीस तास एक-दीड किलोवॅटचा संथ भार असेल तर याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला दिसत नाही.

कारण असं. पाच किलोवॅटचा डिझेल जनरेटर पूर्ण भारावर पंचवीस टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो, पण एक किलोवॅटवर चालवला की बारावर येतो. चोवीस तासांत २४ युनिट वीज, इंधन वीस लिटर. रिफॉर्मरसह एसओएफसी निव्वळ तीस टक्के देईल असं धरते. लोक पन्नास लिहितात, तो आकडा स्टॅकचा असतो. ब्लोअर, पंप, इन्व्हर्टर आणि रिफॉर्मरमधला तोटा वजा केला की तीस ही प्रामाणिक संख्या आहे. तीच २४ युनिट आठ लिटरमध्ये. रोज बारा लिटरची बचत. पण तोच जनरेटर पूर्ण भारावर सतत चालत असेल तर ही बचत जवळजवळ नाहीशी होते, आणि मग मी तुम्हाला जनरेटरच ठेवा म्हणेन. लहान जनरेटर आणि चांगली बॅटरी यांची जोडी हा तुमचा खरा स्पर्धक आहे, नुसता जनरेटर नाही. तुलना त्याच्याशी करा, नाहीतर समितीतला पहिलाच अनुभवी अधिकारी तेच विचारेल.

एक गोष्ट मात्र या तुलनेत बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते उंचावर तीच निर्णायक आहे: उष्णता. आठ लिटर इंधन म्हणजे ऐंशी युनिट ऊर्जा. २४ वीज म्हणून गेली, त्याव्यतिरिक्त पस्तीसएक युनिट स्वच्छ गरम हवा-पाण्याच्या रूपात मिळू शकतात, म्हणजे अखंड दीड किलोवॅटचा हीटर. जवान आज रॉकेलची बुखारी पेटवून झोपतात. बंद जागेत त्या बुखारीतल्या मोनॉक्साइडने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. जनरेटरचीही उष्णता काढता येते, पण तो आवाजामुळे आणि धुरामुळे लांब ठेवावा लागतो. एसओएफसी कुजबुजीएवढ्या आवाजात भिंतीला लागून उभा राहू शकतो. त्याचा धूर बाहेर नळीने, आणि उष्णता एक्स्चेंजरमधून आत. तुम्ही फक्त वीज विकायला निघालात तर आकडे चुरशीचे आहेत. वीज आणि ऊब दोन्ही मोजलीत तर नाहीत.

उंचीचं आणि थंडीचं बोलते. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७-५८ टक्के असतो. म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनसाठी पावणेदोन पट हवा ओढायची. तुमचा ब्लोअर पुण्यात निवडला असेल तर तो तिथे अपुरा पडणार, आणि वीज खाणार तीही तुमच्याच उत्पादनातून. दुसरं, पाणी. वाफेच्या रिफॉर्मिंगला एक किलो इंधनामागे अडीच किलोच्या आसपास पाणी लागतं. ते धुरातूनच परत गाळून वापरायचं, पण त्या गाळणीपासून पंपापर्यंतचा प्रत्येक सेंटिमीटर गोठू शकतो. म्हणूनच मी ॲनोडमधून बाहेर पडणारा वायू परत फिरवून त्याचीच वाफ वापरायला सांगते, पाण्याची टाकीच नको. इंधनाचं गोठणं त्या मानाने सुटलेला प्रश्न आहे: लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं.

आणि शेवटी तुमचं "कुणी का केलं नाही". केलंय, पण प्रत्येकाने अवघड भाग कुठे टाकायचा ते वेगळं ठरवलं. अमेरिकी संरक्षण खात्याने १९९० च्या दशकात आपल्या तळांवर २०० किलोवॅटचे, फॉस्फोरिक आम्लाच्या फ्युएल सेलचे तीस प्लांट बसवले, पण ते नैसर्गिक वायूवर, कारण तळावर पाइपलाइन होती. अमेरिकी नौदलाने पुढे जहाजाच्या एफ-७६ डिझेलवर चालणारा ६२५ किलोवॅटचा मोल्टन कार्बोनेट (वितळलेल्या कार्बोनेट क्षाराच्या फ्युएल सेलचा) प्लांट करवून घेतला. जहाजावर जागा आणि माणसं दोन्ही असतात, तरीही तो ताफ्यात रुजला नाही. पाणबुड्यांकडे बघा. जर्मनीच्या २१२ वर्गाने रिफॉर्मरच टाळला आणि हायड्रोजन धातूच्या हायड्राइडमध्ये साठवला. स्पेनच्या एस-८० वर्गाने बायोइथेनॉल निवडलं, कारण त्यात गंधक नाही. फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपने थेट डिझेल घेतलं आणि २०१९ मध्ये किनाऱ्यावर अठरा दिवसांच्या सफरीइतकी चाचणी केल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने चौथीच वाट धरली: फॉस्फोरिक आम्लाचा सेल, आणि हायड्रोजन सोडियम बोरोहायड्राइड व पाण्यातून जागेवर. जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी ८ मार्च २०२१ ला झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती प्रणाली पाणबुडीत बसवण्यासाठीचा भाग बांधायचा करार माझगाव डॉकशी झाला. मला अंबरनाथच्या मंडळींचा हा निर्णय फार आवडतो. डिझेल शेजारच्या टाकीत असूनही त्यांनी ते सेलला पाजलं नाही, कारण पाण्याखाली गंधक आणि कोक यांच्याशी झगडायला त्यांना परवानगी नव्हती. चौकीवर तुम्हाला ती आहे, कारण तिथे कार्ट्रिज बदलता येते.

लडाखमध्ये चुशूलला एनटीपीसीने लष्करासाठी २०० किलोवॅटचा सौर-हायड्रोजन ग्रिड हाती घेतलाय, तोही नजरेसमोर ठेवा. मोठ्या कायमच्या ठाण्यांचा बाजार तिकडे जाईल. तुमची जागा त्याहून लहान, दूरच्या, हलणाऱ्या चौक्यांवर आहे.

तुमच्या जागी मी असते तर आजचा पीईएम बाजूला ठेवून एक किलोवॅटचा एसओएफसी विकत घेतला असता आणि सगळा पैसा व वेळ रिफॉर्मर, नॉझल आणि गंधकाच्या कार्ट्रिजवर लावला असता. पहिली चाचणी बीएस-६ डिझेलवर, पाचशे तास, मध्ये वीस वेळा मुद्दाम बंद करून. ती जमल्याशिवाय विमानाच्या इंधनाला हात लावू नका. आणि कुठल्याही आराखड्याआधी ज्या चौकीसाठी हे करताय तिथल्या ड्रमांचे नमुने मागा, वरून काढलेले नकोत, तळाशी नळी घालून काढलेले हवेत, कारण पाणी, गंज आणि आधीच्या इंधनाचं उरलेलं तिथेच बसतं. त्यांची गंधकाची आणि ॲरोमॅटिक्सची तपासणी करून आकडे इथे टाका. कार्ट्रिजचा आकार आणि ती किती दिवसांनी बदलावी लागेल, हे आपण त्यावरून एका संध्याकाळी काढू शकतो.